दीड सेकंद

बारक्याने टॅबलेट उशीला टेकवून उभा केला, घसरू नये म्हणून खाली टॉवेलाची घडी सारली आणि ताईचा डावा हात धरून पडद्यावर ठेवायला गेला, तशी ताईने त्याच्या मनगटावर चापट मारली. तिला तिचा डावा हात उचलता येत होता. उजव्याचीच काय ती बोंब होती.

"बरं बाई, तूच दाब," तो म्हणाला. "हे बघ, प्रत्येक चौकोनात एक चित्र, खाली शब्द. चहाचं चित्र दाबलंस की हा तुझ्या वतीने म्हणणार, चहा. दाब."

ताईने चहा दाबला नाही. तिने आधी सगळा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांखालून घातला आणि मग खालच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनावर बोट टेकवलं.

'टक्' असा बारीक आवाज झाला. मग काहीच नाही. बारक्या पुढे वाकला. दारात हात पुसत उभी असलेली त्याची बायको पुसायची थांबली. आणि मग टॅबलेटमधली बाई कोरड्या, स्पष्ट आवाजात म्हणाली, "जा."

बायको जी हसत सुटली, ती खुर्ची धरून खाली बसली तेव्हाच थांबली.

"ऐकलंत? वन्सं बोलल्या! आणि पहिला शब्द खास तुमच्यासाठी!"

ताई हसली नाही. तिने नुसती एक भुवई वर केली. बारक्याला ती भुवई लहानपणापासून ठाऊक होती, आणि गेल्या हिवाळ्यानंतर ती त्याने पाहिली नव्हती. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि काही कारण नसताना पुन्हा काढला.

त्याला बारक्या म्हणावं असं त्याच्यात आता काही उरलं नव्हतं. पन्नाशी मागे पडली होती, पोट पुढे गेलं होतं, आणि लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तो इतका जुना झाला होता की नवी पोरं त्याला काका म्हणत. पण ताईसाठी तो बारक्या, म्हणून सगळ्यांसाठीच बारक्या. ताई थोरली. बाजाराच्या रस्त्यावर तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि केस वाढायच्या आत लोक तिथे परत येत, ते तिच्या जिभेसाठी. आरशासमोर बसवून ती गिऱ्हाइकाची अशी काही फिरकी घ्यायची, की माणूस स्वतःवरच हसत, वर तिचे आभार मानून घरी जायचा.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय काठीच्या आधाराने का होईना चालू लागला, पण जीभ गेली ती गेलीच. डोकं शाबूत होतं. समोरच्याचं सगळं समजायचं, त्याला काय सुनवायचं तेही ठरलेलं असायचं, आणि तोंडातून निघायचा तो नुसता अडखळता आवाज. बारक्याने दुकानाला कुलूप लावलं आणि ताईला आपल्या घरी आणलं. औषधं, मालिश, व्यायाम, सगळं वेळच्या वेळी चाललं होतं. ताई बोलायला हवी, असं तो भेटेल त्याला सांगायचा. खरं तर त्याला ताईने टिंगल करायला हवी होती. घरात आता सगळेच तिच्याशी फार चांगलं वागत होते, हळू आवाजात, एकेक शब्द तोडून बोलत होते, आणि ताई त्यांच्याकडे खिडकीबाहेर बघावं तशी बघायची. ही अशीच बघत राहिली तर काय, असं मनात आलं की लिफ्टच्या टपावर पाना फिरवणारा बारक्याचा हात मध्येच थांबायचा.

म्हणून तो चित्रांच्या चौकोनांचा बोलका फलक सापडला तेव्हा त्याला आकाश ठेंगणं झालं.

सापडणं हा बारक्याचा छंदच होता. संगणकाचं शिक्षण त्याने काही घेतलेलं नव्हतं. लिफ्टचे कंट्रोलर समजून घेता घेता प्रोग्रॅमिंगची चटक लागली, आणि मग एक दिवस त्याला ओपन सोर्स म्हणजे काय ते कळलं. जगभरचे हौशी लोक सॉफ्टवेअर लिहितात आणि आतल्या ओळींसकट ते उघड्यावर ठेवून देतात. कोणीही घ्यावं, वाचावं, हवं तसं बदलावं, आणि आपला बदल चांगला वाटला तर मूळ माणसाकडे पाठवावा. त्याला पटला तर तो सगळ्यांसाठी घेतो. "अगं, आतलं सगळं दिसतं!" असं तो तेव्हा बायकोला आठवडाभर सांगत होता. बायकोला त्यात एवढं काय ते कळलं नव्हतं, पण नवरा खूश आहे एवढं कळलं होतं.

तेव्हापासून सुट्टीच्या सकाळी "अगं, हे बघ काय सापडलं!" अशी हाक आली की ती गॅस बारीक करून यायची. एकदा पक्ष्यांचे आवाज ओळखणारा प्रोग्रॅम सापडला, त्याने स्वयंपाकघरातल्या किटलीला घुबड ठरवलं. एकदा बारक्याने जुन्या लॅपटॉपवर घरातल्या जिनसांचा हिशेब ठेवणारा सर्व्हर बसवला.

"मीठ संपलंय हे मला डबा उघडला की कळतं हो," बायको म्हणाली होती, तेवढ्यावर तो सर्व्हर मिटला. पण फोटोचा आकार कमी करणारी, वाकडं स्कॅन सरळ करणारी, विखुरलेली पानं एकत्र जोडणारी अशी कितीतरी वेब टूल्स त्याने जमवली होती, आणि त्यांच्यासाठी अर्धी इमारत त्याच्या दारात यायची. तो कोणाला नाही म्हणायचा नाही. उलट मागितलं नसताना आणखी दोन टूल्स दाखवून माणसाला उशीर करायचा.

फलकही असाच, भलतंच काही शोधताना हाती लागला. ब्राउझरमध्ये उघडायचा, चित्रं आणि शब्द आपले आपण घालायचे. बारक्या आणि बायकोने बसून चौकोन भरले. चहा, पाणी, गरम, गार, औषध, दुखतंय. न्हायच्या दिवसासाठी केस. 'जा' आणि 'गप' हे दोन बायकोने आपल्या मनाने घातले.

"लागतील," ती म्हणाली होती.

पहिले काही दिवस घराला नवीन खेळणं मिळाल्यासारखं झालं. लेक कामावरून आली की आधी आत्याच्या खोलीत डोकवायची, आणि आतून 'टक्' ऐकू आलं की हातातली पिशवी तशीच धरून उभी राहायची. ताईने तिला 'गप' म्हणून दाखवलं, 'गार' म्हणून दाखवलं. मालिशवाल्या बाईला ती 'छान' म्हणाली, आणि बाई लाजून लाल झाली. सगळं झकास चाललं होतं. मग बारक्यामधला मेकॅनिक जागा झाला.

"हे हळू आहे," तो एका सकाळी म्हणाला.

"काय हळू आहे?"

"बोट टेकवलं की टक् होतं, आणि शब्द मागाहून येतो. मध्ये एवढा वेळ कशाला?"

"येतो ना पण?" बायको म्हणाली. "येतो ते बघा की."

पण बारक्याला राहवेना. लिफ्टच्या धंद्यात अख्खं आयुष्य त्याने एकच तक्रार ऐकली होती: दार बंद व्हायला वेळ लागतो, बटण दाबलं की लगेच येत नाही. लोकांना थांबायला लावणारी प्रत्येक गोष्ट त्याला दुरुस्त करायची सवय होती. त्याने फलकाच्या आतल्या ओळी उघडल्या आणि चहाचा कप शेजारी घेऊन वाचत बसला. लिहिणाऱ्याचा हात नीटनेटका होता. ज्या ओळीत काही खुबी असेल तिच्या शेजारी खुलासा लिहिलेला. एकच ओळ अशी निघाली, की जिला खुलासा नव्हता आणि काही कामही नव्हतं. 'टक्' वाजल्यावर दीड सेकंद थांब, एवढंच ती यंत्राला सांगत होती.

"सापडली!" बारक्या ओरडला.

ओळ काढली. फलक वाऱ्यासारखा पळायला लागला, बोट टेकायचा अवकाश की शब्द बाहेर. त्याने तो टॅबलेटवर चढवला, आणि मग अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून, तो बदल फलक सांभाळणाऱ्या माणसाकडे पाठवायला बसला. इतकी वर्षं तो या लोकांचं नुसतं घेत आला होता. आज पहिल्यांदा काही द्यायची वेळ आली होती. दोन ओळींचा निरोप त्याने चारदा खोडून लिहिला. "अनावश्यक विलंब दूर केला आहे," असं शेवटी ठरलं. पाठवल्यावर तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला आणि खालून जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला हात करत राहिला.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. लेक ऑफिसातली काहीतरी भानगड रंगवून सांगत होती, बायको मध्ये मध्ये "मग? मग?" करत होती. बायकोने ताईपुढे सूप ठेवलं आणि विचारलं, "वन्सं, बघा बरं, कसं झालंय?"

ताईने एक चमचा घेतला. चमचा खाली ठेवला, फलक जवळ ओढला. लेकीच्या बोलण्यातच कुठेतरी टॅबलेट पटकन म्हणाला, "गरम पाणी."

"हो हो, आणते," म्हणत बायको उठली आणि गरम पाण्याचा पेला घेऊन आली.

ताईने पेल्याकडे पाहिलं. मग सुपाकडे पाहिलं, मग बायकोकडे. बायकोने प्रेमाने पेला आणखी थोडा पुढे सरकवला. लेकीची भानगड पुढे चालू झाली. ताईने टॅबलेट पालथा घातला आणि सूप संपवलं.

दुसऱ्या दिवशी टॅबलेट पालथाच होता. तिसऱ्या दिवशी बारक्याने तो सरळ करून उशीला लावला, तर ताईने तोंड भिंतीकडे वळवलं. चहा हवा असला की ती हाताने खूण करायची, नको असला की तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात माणूस अधूनमधून खचतो, धीर धरा. बारक्याने धीर धरला, म्हणजे रोज कामावरून आल्यावर ताईच्या खोलीच्या दारात उभा राहून, आत न जाता परत फिरला. आता तर फलक दुप्पट वेगाने चालत होता, आणि ताई बोलत नव्हती. याला काय म्हणावं?

अशातच उत्तर आलं. फलक सांभाळणारा म्हणजे कोणीतरी चुणचुणीत पोरगा असेल अशी बारक्याची समजूत होती. निघाली एक जनावरांची डॉक्टर. गाईम्हशी तपासून उरलेल्या वेळात ती हे काम करत होती. तिने लिहिलं होतं की बदल नीट केलेला आहे, पण तो मी घेऊ शकत नाही, माफ करा. हा फलक मी वडिलांसाठी केला होता. त्यांचीही वाचा गेली होती. ते थांबणं त्यांनी खुणा करकरून माझ्याकडून मागून घेतलं. कशासाठी ते मला कधी कळलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. त्यांनी मागितलं होतं म्हणून ठेवलं आहे.

बारक्याला राग आला. अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि वडिलांचं वाचून रागावणंही बरं दिसत नव्हतं, म्हणून आणखीच राग आला.

"कारण माहीत नाही म्हणे! आणि तरी ठेवायचं!"

"मग आपल्या घरी विचारायला माणूस आहे की," बायको म्हणाली. "वन्संना विचारा. फलक का नको, एवढं विचारलंत का तुम्ही एकदा तरी?"

विचारलं नव्हतं. बारक्या ताईच्या खोलीत गेला, स्टूल ओढून बसला आणि पालथा टॅबलेट मांडीवर घेतला.

"ताई, माझं काय चुकलं? आधी तू याच्यावर बोलत होतीस. मी तर तो आणखी चांगला केला."

ताईने त्याच्याकडे पाहिलं, शाळेत नापास होऊन आल्यावर पाहायची तसं. मग तिने डावा हात बाहेर काढला, पलंगाच्या लाकडी कठड्यावर नखाने टक् केलं, आणि ते बोट तसंच हवेत धरून ठेवलं. बारक्या वाट बघत राहिला. बोट खाली आलं नाही.

"ते टक् हवंय? आधीसारखं?"

ताईने डोळे मिटून उघडले.

"आणि ते थांबणंही?"

ताईने सुस्कारा टाकला. एवढा वेळ लागतो का, असा तो सुस्कारा होता. बारक्याने तिथेच बसून आपला बदल पुसला आणि डॉक्टरीणबाईंचा मूळ फलक परत चढवला. कशाला हवंय ते त्याला अजूनही कळलं नव्हतं, पण ताईने मागितलं होतं.

रविवारी त्याने केस कापून घेतले. ताईचं दुकान बंद झाल्यापासून त्याने डोक्याला कोणाचा हात लागू दिला नव्हता. शेवटी झिपऱ्या कानावर आल्या, तेव्हा कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात गेला. तिथल्या माणसाने मशीन फिरवली आणि हां हां म्हणता मोकळा केला. जेवायला बसताना लेकीने बापाकडे बघून ओठ दाबले. बायको म्हणाली, "वाढतील, वाढतील," आणि भाजी वाढायला लागली. मग गॅसवाल्याचा विषय निघाला, तो सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा असल्यामुळे तिघंही एकदम बोलायला लागले.

टक्.

तिघं गप्प झाले. बायकोचा चमचा भांड्यावर थांबला.

"दुखतंय," फलक म्हणाला.

"अगंबाई!" बायकोने भांडं खाली ठेवलं. "कुठे? वन्सं, कुठे दुखतंय?" लेक खुर्ची मागे ढकलून उठली. बारक्याचा हात फोनकडे गेला. ताईचा चेहरा गंभीर होता, कपाळावर आठी होती, आणि तिची नजर हळूहळू वर चढत बारक्याच्या डोक्यावर जाऊन बसली. तिने बोट उचललं.

टक्.

कोणी श्वास घेतला नाही.

"केस."

क्षणभर कोणालाच काही उमगलं नाही. मग लेकीच्या नाकातून कसलासा आवाज आला आणि ती टेबलावर आडवीच झाली. बायको पोट धरून "अरे देवा, अरे देवा" करत होती. बारक्याने दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि त्याच्या हसण्याने टेबलावरची भांडी वाजायला लागली. ताईची एक भुवई वर होती. ती तशीच ठेवून तिने शांतपणे पावाचा तुकडा मोडला.

"अहो," बायको डोळे पुसत म्हणाली, आणि एकदम थांबली. "त्या दिवशी... वन्सं, तुम्ही पाणी मागितलंच नव्हतं! माझ्या सुपाला म्हणालात ते!"

ताईने तिच्याकडे वळून फार सावकाश डोळे मिटले आणि उघडले. नव्याने हसू फुटलं. बारक्या मात्र या खेपेला हसला नाही, तो ताईच्या बोटाकडे बघत राहिला. त्याला दुकान दिसलं. खुर्चीतला माणूस, मागे बाकावर ताटकळलेली माणसं, सगळ्यांची एकच गलबल, आणि मध्येच ताईची कात्री हवेत थांबायची. ती थांबली की सगळं दुकान आरशातून ताईकडे बघायचं, आणि मग ताई बोलायची. लहानपणापासून तो त्या बाकावर बसला होता, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. ते दीड सेकंद ताईचे होते, आणि त्याने ते कापून टाकले होते.

"वाढ गं तिला," तो बायकोला म्हणाला. "तिची ताटली रिकामी आहे."

जेवणं झाल्यावर त्याने डॉक्टरीणबाईंना लिहिलं की मी माझा बदल मागे घेतो. मग पुढे एवढंच विचारलं: तुमचे वडील विनोदी होते का?

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तो एका इमारतीच्या मशीनरूममध्ये बसून डबा खात होता. तिने लिहिलं होतं:

"तुम्हाला कोणी सांगितलं? जेवताना ते सगळ्यांना रडेपर्यंत हसवायचे. वाचा गेल्यावर या फलकावरूनसुद्धा. मला मात्र इतकी वर्षं वाटत होतं, की तेव्हा आम्ही त्यांचं मन राखायला हसत होतो." आणि थोडी जागा सोडून खाली: "त्या ओळीशेजारी कारण लिहून पाठवाल का? तो बदल मी नक्की घेईन."

बारक्याने घास तसाच धरून ते दोनदा वाचलं. मग डबा बंद केला आणि साहेबांना फोन करून सांगितलं की आज थोडा लवकर निघतोय, घरी काम आहे.

ताई खिडकीशी बसली होती. त्याने स्टूल ओढलं, लॅपटॉप तिच्यासमोर धरला आणि डॉक्टरीणबाईंचा निरोप तिला वाचून दाखवला. कधीही न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल तिला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. तिचा डावा हात बारक्याच्या गुडघ्यावर मात्र होता.

"काय लिहू?" त्याने विचारलं. ती काही करेना तेव्हा त्याने स्वतःच, एका एका अक्षरावर अडखळत, त्या ओळीशेजारी लिहिलं: 'इथे थांबा. कोणीतरी विनोद सांगतंय.' आणि पडदा तिच्याकडे वळवला.

ताईने वाचलं. फलक ओढला. टक्. बारक्या थांबला.

"छान."

"आवडलं ना? मग पाठवतो."

ताईने जोरजोरात नाही अशी मान हलवली. ती पुढे वाकली आणि तिने लॅपटॉपच्या पडद्यावर, 'विनोद' या शब्दाच्या अलीकडे, बोट टेकवून धरलं. बारक्या त्या बोटाकडे बघत राहिला. मग त्याची ट्यूब पेटली. हसत हसत त्याने तिथे जागा केली, 'छान' हा शब्द घातला आणि पाठवून दिलं.